शब्दविचार : ‘सजेस्टिव्ह’ हें विशेषण

‘सजेस्टिव्ह’ या इंग्रजी विशेषणाविषयीं एका वाचक भगिनींनीं आमच्याकडे पृच्छा केली आहे. त्यांचें कुटुंब मोठें, तीन पिढ्या एका छपराखालीं नांदणारें. घरांतील धाकट्या जावेला महिना-दीड महिना खोकला येत होता, म्हणून तिच्या छातीचें क्ष-किरण चित्र काढण्यांत आलें. चित्रासोबत आलेल्या अभिप्रायाच्या शेवटच्या ओळीचा भावार्थ असा होता कीं, फुप्फुसाच्या वरच्या भागांत दिसणारी छाया क्षयरोगाविषयीं ‘सजेस्टिव्ह’ आहे. वडील मंडळींनीं त्या शब्दाचा अर्थ ‘क्षय ठरला’ असा केला. थुंकीची तपासणी होण्यापूर्वींच त्या मुलीचें ताट-वाटी निराळें झालें, तिचें लहान मूल आजीजवळ निजूं लागलें आणि माहेरीं निरोप गेला. घरांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या पुतण्याचें म्हणणें निराळें. ‘सजेस्टिव्ह म्हणजे नुसतें सुचविणारें, त्यांत ठरलेलें असें कांहीं नसतें,’ असें त्यानें सांगितलें, पण त्याबरोबरच हंसून असेंही म्हटलें कीं, या शब्दाचा आमच्या बरोबरीच्या मुलांत चालणारा अर्थ वडिलांसमोर बोलण्याजोगा नाहीं. भगिनी विचारतात कीं, एकच शब्द वैद्याच्या कागदावर आणि चित्रपटाच्या परीक्षणांत अशा दोन्ही ठिकाणीं कसा शोभतो? त्याचा खरा अर्थ कोणता? आणि त्याला मराठींत काय म्हणावें?

प्रश्न केवळ कोशाचा असता तर चार ओळींत उत्तर देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु एका विशेषणाचा अर्थ भलता लागल्यामुळें एका मातेपासून तिचें मूल दुरावतें, तेव्हां त्या विशेषणाची थोडी सविस्तर चौकशी करणें अवश्य आहे.

प्रथम त्याचें कुळ पाहूं. लॅटिन भाषेंत ‘सब्’ म्हणजे खालीं आणि ‘गेरेरे’ म्हणजे वाहणें किंवा नेणें. या दोहोंच्या संयोगानें ‘सुग्गेरेरे’ हें क्रियापद सिद्ध झालें. खालून वर आणून देणें, हातीं पुरविणें, हा त्याचा मूळ अर्थ. ‘डायजेस्ट’, ‘जेश्चर’, ‘रजिस्टर’ हे आपल्या परिचयाचे शब्द याच ‘गेरेरे’च्या वंशांतले आहेत. एखादी गोष्ट उघडपणें समोर न मांडतां ती ऐकणाऱ्याच्या मनांत खालून हळूच पुरविणें, हें चित्र या मूळ अर्थांतच आहे. बोलणारा अर्धें बोलतो. उरलेलें अर्धें ऐकणाऱ्याच्या मनांत आपोआप वर येतें. सूचनेचें सारें सामर्थ्य आणि सारा धोका या एवढ्या व्यवहारांत सांठविलेला आहे.

इंग्रजींत प्रथम आलें तें ‘सजेशन’ हें नाम. चौदाव्या शतकांतील त्याचा अर्थ आजच्यासारखा निरुपद्रवी नव्हता. मनांत पापबुद्धि उत्पन्न करणारी प्रेरणा, विशेषतः सैतानानें कानांत घातलेली फूस, असा अर्थ त्या धर्मनिष्ठ काळांत त्याला होता. शेक्सपिअरच्या वेळींही ती छटा टिकून होती. ‘मॅक्बेथ’ नाटकांत चेटकिणींचें भविष्य ऐकल्यावर राजवधाचा जो भयंकर विचार नायकाच्या मनांत डोकावतो, त्याला तो स्वतः ‘सजेशन’ असेंच नांव देतो. ‘ऑथेल्लो’ नाटकांतील इयागो हा तर सूचनेच्या विद्येंतील आचार्यच म्हणावा लागेल, आणि सैतान माणसाला कसा भुलवितो याचें वर्णन करितांना तोही याच धातूचें क्रियापद वापरतो. या नाटकाचें महादेवशास्त्री कोल्हटकर यांनीं केलेलें भाषांतर १८६७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि गोविंद बल्लाळ देवल यांनीं त्यावरून रचलेलें ‘झुंझारराव’ १८९० मध्यें आलें. त्यामुळें मराठी रसिकांना कथानक नवें नाहीं. इयागो आपल्या धन्याला ‘तुझी पत्नी दुराचारी आहे’ असें आरंभीं कधींच सांगत नाहीं. तो एखादा शब्द उच्चारून थांबतो, धन्याचाच प्रश्न प्रतिध्वनीसारखा परत करितो, आणि ‘माझ्या मनांत आहे तें न विचारलेलेंच बरें’ असा आव आणतो. विष तयार करण्याचें काम ऑथेल्लोचें स्वतःचें मनच करितें.

‘सजेस्टिव्ह’ हें विशेषण मागाहून, म्हणजे सतराव्या शतकांत प्रचारांत आलें. विचाराला चालना देणारें, दुसऱ्या गोष्टीची आठवण करून देणारें, असा त्याचा साधा अर्थ होता. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज टीकाकार एखाद्या निबंधाला ‘सजेस्टिव्ह’ म्हणत, तेव्हां ती मोठी स्तुति असे. वाचून संपल्यावरही ज्याचा विचार चालू राहतो असा निबंध, असा त्याचा भाव होता. त्याच शतकाच्या अखेरीस मात्र या शब्दाला निराळें वळण लागलें. एखादें गीत, चित्र किंवा नाटकांतील प्रवेश अश्लील आहे असें स्पष्ट म्हणणें त्या काळच्या सभ्य समाजाला जड जाई. तेव्हां ‘तें जरा सजेस्टिव्ह आहे’ असें म्हणून वेळ निभावण्याची रीत पडली. काय सुचवितें हें न सांगणें हीच त्यांतील सभ्यता. परंतु ज्या फडक्यानें डाग झांकावा त्यालाच डाग लागावा, तसें या शब्दाचें झालें. आपल्याकडे ‘बांगडी फुटली’ म्हणणें अशुभ म्हणून ‘वाढविली’ म्हणतात, आणि आतां बांगडीच्या संबंधांत ‘वाढविली’ हा शब्द कानीं पडतांच ती फुटल्याचेंच मनांत येतें. झांकणारा शब्द कांहीं काळानें झांकलेल्या वस्तूचेंच नांव होऊन बसतो, हा सर्व भाषांतील अनुभव आहे.

आतां आजच्या प्रचाराचे नियम पाहूं. पहिला आणि सर्वांत उपयोगी नियम हा कीं, या विशेषणापुढें ‘ऑफ’ हें अव्यय आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ अशी रचना असेल तर शब्द निर्दोष आहे. ‘द क्लाउड्स वेअर सजेस्टिव्ह ऑफ रेन’ म्हणजे ढगांवरून पाऊस येईलसें वाटत होतें. येथें काय सुचविलें आहे हें वाक्यांतच सांगितलेलें असल्यामुळें भलत्या कल्पनेला वाव राहत नाहीं. उलटपक्षीं, ‘अ सजेस्टिव्ह रिमार्क’, ‘अ सजेस्टिव्ह साँग’ अशा रीतीनें हें विशेषण नामाच्या मागें एकटेंच उभें राहिलें, म्हणजे सुचविलेली गोष्ट गाळलेली असते, आणि ती जागा आजचा इंग्रजी वाचक बहुधा असभ्य अर्थानेंच भरतो. शास्त्रीय निबंधांत ‘सजेस्टिव्ह एव्हिडन्स’ म्हणजे सूचक पण निर्णायक नव्हे असा पुरावा, हा अपवाद रूढ आहे. कारण तेथें संदर्भच दुसऱ्या अर्थाला थारा देत नाहीं.

म्हणून आमची तरुण वाचकांस सूचना आहे कीं, एखाद्या प्राध्यापिकेचें व्याख्यान ऐकून त्यांना इंग्रजींत आभाराचें पत्र लिहावयाचें असेल, तर व्याख्यानाला ‘सजेस्टिव्ह’ म्हणूं नये. विचारप्रवर्तक असें म्हणावयाचें असेल तर ‘थॉट-प्रोव्होकिंग’ आहे. मनांत चित्रें व आठवणी जाग्या करणारें असें म्हणावयाचें असेल तर ‘इव्होकेटिव्ह’ आहे. तसेंच, जो वारंवार सूचना करितो तो मनुष्य ‘सजेस्टिव्ह’ असेंही होत नाहीं. मराठींत सभेपुढें ठराव मांडणाऱ्याला ‘सूचक’ म्हणतात. त्यावरून हें भाषांतर सुचणें स्वाभाविक आहे, परंतु इंग्रजींत त्याला ‘प्रपोजर’ असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडील परिपत्रकांत पुष्कळदां ‘ही यादी सजेस्टिव्ह आहे’ असें वाक्य आढळतें. यादी नमुन्यादाखल आहे, परिपूर्ण नाहीं, एवढाच त्याचा हेतु असतो, आणि भारतीय इंग्रजींत तो प्रचार आतां रुळला आहे. इंग्लंडांतील लेखक त्या जागीं ‘इंडिकेटिव्ह’ लिहील.

या शब्दाचे शेजारीही ओळखून ठेवण्याजोगे आहेत. ‘इंडिकेटिव्ह’ याच्या मुळाशीं दाखविणारें बोट आहे. म्हणून तें ‘सजेस्टिव्ह’हून अधिक ठाम. ‘रेमिनिसंट’ हें गतगोष्टीची आठवण देणारें. ‘रेडोलंट’ याच्या मुळाशीं वास आहे. एखाद्या जुन्या वाड्याला पेशवाईचा गंध येतो असें आपण म्हणतों, तसा तो शब्द. ‘अल्यूझिव्ह’ याच्या मुळाशीं खेळणें आहे. ज्या लेखनांत पूर्वींच्या कथांचे व ग्रंथांचे ओझरते उल्लेख जागोजाग येतात तें लेखन ‘अल्यूझिव्ह’. ‘इन्सिन्युएटिंग’ हा मात्र सर्वांत कुटिल. लॅटिन ‘सिनुस’ म्हणजे वळण किंवा वस्त्राची घडी. वळणें घेत घेत आंत शिरणें हा त्याचा मूळ अर्थ. आणि ‘सजेस्टिबल’ हा अगदीं उलट बाजूचा. ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे सुचविणारें, तर ‘सजेस्टिबल’ म्हणजे दुसऱ्यानें सुचविलेलें चटकन मानणारा. या दोहोंची गल्लत करूं नये. एक बाण आहे, दुसरा त्याचें लक्ष्य.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर वैद्यकीय अभिप्रायाकडे वळूं. रोगनिदानाच्या भाषेंत प्रत्येक शब्द पुराव्याच्या वजनाप्रमाणें योजलेला असतो. ‘डायग्नॉस्टिक ऑफ’ म्हणजे यावरून रोग ठरतो. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे यावरून त्या रोगाचा सबळ संशय येतो, म्हणून पुढील तपासणी करावी. ‘कन्सिस्टंट विथ’ म्हणजे दिसणारें चिन्ह त्या रोगाशीं विसंगत नाहीं. ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे ती शक्यता अद्यापि सोडतां येत नाहीं. क्ष-किरण चित्र हें अखेर छायांचें चित्र आहे. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण, न्यूमोनिया, क्वचित् गांठ, यांच्या छाया एकमेकींसारख्या दिसूं शकतात. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं शोधून काढले, तेव्हांपासून या रोगाच्या निश्चितीचा मुख्य आधार ते जंतू प्रत्यक्ष आढळणें हाच आहे. थुंकीची सूक्ष्मदर्शक यंत्राखालील तपासणी, जंतूंचें संवर्धन, आणि आतां त्यांच्या जनुकद्रव्याचा शोध घेणारी त्वरित तपासणी, हे त्याचे मार्ग होत. जंतू हातीं न लागल्यास वैद्य इतर लक्षणांचा एकत्र विचार करून निर्णय घेतो. पण तो निर्णय वैद्याचा असतो, छायेच्या एका ओळीचा नव्हे.

तेव्हां पुतण्याचें म्हणणें शब्दार्थानें बरोबर आहे, परंतु अर्धेंच. ‘सजेस्टिव्ह’ म्हणजे ठरलेलें नाहीं, हें खरें. म्हणून स्वस्थ बसावें, असा मात्र त्याचा अर्थ मुळींच नाहीं. वैद्यानें ती ओळ लिहिली ती पुढील पाऊल तांतडीनें टाकलें जावें म्हणूनच. वडील मंडळींनीं सूचनेला निकाल मानलें. तरुणानें तिला नुसती सूचना मानून सोडून दिलें. दोघांच्या वादांत थुंकीची तपासणी मागें पडली. ताट-वाटी निराळी करण्यानें तर कांहींच साधलें नाहीं, कारण क्षय हा भांड्यांतून पसरत नाहीं. ज्याच्या फुप्फुसांत जंतू आहेत त्याच्या खोकण्या-बोलण्यांतून ते हवेंत जातात. निर्णय होईपर्यंत तोंडावर पट्टी, खिडक्या उघड्या, आणि तपासणी उद्यांवर न ढकलणें, ही खरी सावधगिरी. तीमध्यें रुग्णाचा मान जात नाहीं. निदान झालेंच तरी नियमित व पूर्ण औषधोपचारानें बहुतेकांचा क्षय बरा होतो, हेंही घरांतील सर्वांना ठाऊक असावें.

वैद्याच्या कागदाप्रमाणेंच न्यायालयांतही सूचनेचें वजन कांटेकोरपणें तोललेलें आहे. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यानें ‘लीडिंग क्वेश्चन’ याची व्याख्या केली, ती सूचनेच्याच शब्दांत. विचारणाऱ्याला जें उत्तर हवें आहे किंवा अपेक्षित आहे तें ज्या प्रश्नांतूनच सुचविलें जातें, तो असा प्रश्न. मराठी कायदेभाषेंत त्याला ‘सूचक प्रश्न’ हें अन्वर्थक नांव आहे. ‘गाडी कशी येत होती?’ हा साधा प्रश्न. ‘गाडी भरधाव येत होती ना?’ हा सूचक. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासणींत विरुद्ध पक्षानें हरकत घेतल्यास असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीवांचून विचारतां येत नाहीं; उलटतपासणींत तो विचारण्यास मुभा आहे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हें तत्त्व कायम आहे.

कायदेकर्त्यांची ही दक्षता किती सार्थ होती, याचा प्रत्यय पुढें एका प्रयोगानें आला. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनीं १९७४ सालीं तो प्रसिद्ध केला. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत विद्यार्थ्यांना दाखवून नंतर वेगाचा अंदाज विचारण्यांत आला. प्रश्न सर्वांना एकच. फरक फक्त एका क्रियापदाचा. ज्यांना ‘मोटारी एकमेकींना लागल्या’ अशा सौम्य शब्दांत विचारलें त्यांचा सरासरी अंदाज तासाला ३१·८ मैल आला. ज्यांना ‘एकमेकींवर आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाच्या क्रियापदानें विचारलें त्यांचा ४०·८ मैल. दुसऱ्या प्रयोगांत एका आठवड्यानें विचारण्यांत आलें कीं, फुटलेली कांच पाहिली काय? चित्रफितींत कांच फुटलेलीच नव्हती. तरीही जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकीं १६ जणांनीं पाहिली असें सांगितलें. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांत असें म्हणणारे ७ होते, आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० जणांत ६. म्हणजे सूचना केवळ मत बदलते असें नव्हे. ती न पाहिलेली वस्तु आठवणींत आणून ठेवूं शकते. ‘काल ती तुला टाकून बोलली ना?’ असें लहान मुलाला विचारणाऱ्या घरांतील मंडळींनीं हे आंकडे मनांत ठेवावे.

अब्रुनुकसानीच्या कायद्यांतही सूचनेला सूट नाहीं. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमांत एक मोठें मार्मिक उदाहरण दिलेलें आहे. एक मनुष्य दुसऱ्याविषयीं म्हणतो कीं, तो प्रामाणिक आहे हो, त्यानें अमक्याचें घड्याळ कधींच चोरलें नाहीं. शब्द पाहिले तर प्रशस्तिपत्र. हेतु मात्र चोरीचा आळ घालण्याचा. दुसरें उदाहरण तर निःशब्द आहे. घड्याळ कोणीं चोरलें असें विचारतांच हा मनुष्य बोलत नाहीं, नुसतें बोट दाखवितो. दोन्ही ठिकाणीं बदनामी होऊं शकते असें कायदा सांगतो, आणि आतांच्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमांतही तेंच तत्त्व आहे. अशा आडून केलेल्या आरोपाला इंग्रजींत ‘इन्युएंडो’ म्हणतात. त्याच्या मुळाशीं मान डोलावून खूण करणें आहे. बोललों नाहीं, नुसती मान हालविली, ही पळवाट कायद्यानें केव्हांच बुजविली आहे.

आतां आपल्या शास्त्राकडे येऊं. सूचित अर्थाचा विचार जितका आमच्या पूर्वजांनीं केला तितका फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोक’ ग्रंथांत असा सिद्धान्त मांडला कीं, शब्दाच्या वाच्य अर्थापलीकडे जो प्रतीत होणारा अर्थ, तोच उत्तम काव्याचा आत्मा होय. त्यावर अभिनवगुप्तानें ‘लोचन’ ही टीका लिहिली, आणि अकराव्या शतकांत मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त हा विचार पद्धतशीर मांडला. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दाच्या तीन शक्ति. त्यांपैकीं व्यंजना ही सुचविणारी. मम्मटानें दिलेलें एक उदाहरण घरगुती आहे. ‘सूर्य मावळला’ एवढेंच कोणी म्हणालें, तर सेनापति समजतो कीं शत्रूवर चालून जाण्याची वेळ झाली. मजूर समजतो कीं आतां काम थांबवावें. कर्मठ ब्राह्मणाला संध्येची आठवण होते. गुराख्याला गाई घरीं आणावयाच्या असतात. दुकानदाराला माल आवरावयाचा असतो. वाच्यार्थ एक, सूचितार्थ ऐकणाऱ्यागणिक निराळा. कोण बोलतो, कोणाला बोलतो, कोठें व केव्हां बोलतो, यांवर ध्वनि अवलंबून असतो, असें या शास्त्राचें सांगणें आहे. आमच्या भगिनींचा पहिला प्रश्न, म्हणजे एकच विशेषण वैद्याच्या कागदावर व चित्रपटाच्या परीक्षणांत कसें शोभतें, त्याचें उत्तर मम्मटानें नऊशें वर्षांपूर्वींच देऊन ठेविलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इंग्रजींत ‘ध्वनि’ याचें भाषांतर विद्वान ‘सजेशन’ असें करितात. इंगॉल्स, मॅसन आणि मा. वा. पटवर्धन यांनीं केलेलें ‘ध्वन्यालोका’चें व ‘लोचना’चें भाषांतर १९९० सालीं निघालें, त्यांतही हाच शब्द आहे. नाम निर्दोष राहिलें, विशेषण तेवढें डागाळलें. म्हणून संस्कृत काव्यावर इंग्रजींत निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें ‘कालिदासाचें काव्य सजेस्टिव्ह आहे’ असें लिहूं नये; ‘रिच इन सजेशन’ असें लिहावें. नाहीं तर व्यंजनेची स्तुति करावयास जाऊन कविकुलगुरूवर भलताच आळ यावयाचा.

विशेषणाची ही अधोगति इंग्रजांपुरतीच नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. आपला ‘सूचक’ शब्द घ्या. सूच् या धातूचा संबंध कोशकार ‘सूचि’ म्हणजे सुई या शब्दाशीं लावतात. टोंकानें दाखविणें हा त्यांतील भाव. पुढें अमरकोशांत हाच ‘सूचक’ शब्द ‘कर्णेजप’ आणि ‘पिशुन’ यांच्या पंक्तीला बसलेला दिसतो. कर्णेजप म्हणजे कानांत जप करणारा, अर्थात् चहाडखोर. दाखविणारा तो दाखवितां दाखवितां चहाड्या सांगणारा झाला. मराठीनें मात्र या शब्दाचें पुनर्वसन केलें. आमच्या भाषेंत ‘सूचक मौन’, ‘सूचक हास्य’, ‘सूचक नांव’ हे प्रयोग निष्कलंक आहेत, आणि सभेंतील ‘सूचक’ तर प्रतिष्ठित गृहस्थ असतो.

यावरून भाषांतराचा प्रश्नही सुटतो. ‘सजेस्टिव्ह’ याला मराठींत सर्वत्र चालेल असा एक शब्द नाहीं, आणि तो शोधूंही नये. ढगांविषयीं किंवा पुराव्याविषयीं बोलावयाचें असेल तर ‘सूचक’. काव्याविषयीं ‘व्यंजक’ किंवा ‘ध्वनिपूर्ण’. निबंधाविषयीं ‘विचारप्रवर्तक’. वैद्याच्या अभिप्रायांत ‘संशय निर्माण करणारें’ असें सरळ म्हणावें, म्हणजे घरांतील कोणाचाही गैरसमज होणार नाहीं. आणि असभ्य अर्थानें आला असेल, तर ‘चावट’ किंवा ‘अश्लीलतेकडे झुकणारें’ असें म्हणण्यास संकोच बाळगूं नये. सभ्य शब्दाचें पांघरूण घातल्यानें वस्तु सभ्य होत नाहीं. पांघरूण मात्र मळतें.

शेवटीं एक गोष्ट सांगून हें प्रकरण पुरें करूं. एकत्र कुटुंबांत सूचनेवांचून चालत नाहीं. दहा-पंधरा माणसें एका घरांत राहतात, तेथें प्रत्येक गोष्ट उघड बोलली गेली तर दिवस निभणार नाहीं. जातांना ‘येतों’ म्हणणें, पाहुण्याला भूक लागली असेल हें त्याच्या न बोलण्यावरून ओळखणें, सासूबाईंचा उपास लक्षांत ठेवून न सांगतां साबूदाणा भिजत घालणें, हें सारें घरगुती ध्वनिकाव्यच आहे. पण ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या घरांत रोज खरी होते, तेथें तीच सूचना सुईसारखी टोंचते. उघड बोललेल्या शब्दाला उत्तर देतां येतें. आडून मारलेल्या टोमण्याला देतां येत नाहीं, कारण उत्तर देऊं जातां ‘मी तुला कोठें बोललें?’ असें ऐकावें लागतें. भल्यासाठीं सुचवावें आणि दोष सांगावयाचा असेल तर ज्याचा त्याला समोर बसवून सरळ सांगावा, एवढा भेद राखला तरी पुरे आहे. आजाराच्या बाबतींत तर त्याहून साधा नियम आहे. कागदावरील शब्दाचा अर्थ घरांत बसून लावूं नये. तो लिहिणाऱ्याला किंवा आपल्या नेहमींच्या वैद्याला जाऊन विचारावा, आणि विचारावयास जातांना ज्याचा आजार आहे त्यालाही बरोबर न्यावें.